पोटरीतला गोळा

एकाच दुखण्याला मराठीत किती नावं असावीत! आमच्या घरी पेटका. आजी म्हणायची, "पायात वांब आले गं बाई." टीममधला कोल्हापूरचा डिफेंडर म्हणतो, "पोटऱ्या वळल्या भावा." बाकीचे म्हणतात गोळा आला, आणि ऑफिसातली नवी पोरं सरळ क्रॅम्प. नाव कुठलंही घ्या, प्रकार एकच. चांगले धावत असता, समोर रिकामा गोल दिसत असतो, आणि पोटरीतला स्नायू अचानक दगड होऊन बसतो. तुम्ही म्हणता सोड, तो म्हणतो नाही सोडत. विरोधी टीमने पाडलं तर निदान फाऊल तरी मिळतो. स्वतःच्याच पायाने पाडलं तर काय मागणार?

तर मंडळी, आजचा विषय हा. विषय तसा किरकोळ आहे असं मलाही २०२४ च्या मे महिन्यापर्यंत वाटत होतं.

खराडीत राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे बिल्डरला जिथे अजून परवानगी मिळालेली नाही तिथे टर्फ आहे. चारी बाजूंनी जाळी, वर दिवे, खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत आणि त्यात काळ्या रबराचे दाणे. हे दाणे बुटातून आमच्या सोफ्यापर्यंत येतात आणि बायको ते वेचत बसते. (दुरुस्ती: मला वेचायला लावते.) मंगळवार आणि शुक्रवार, रात्री नऊ ते दहा. ईऑनच्या आसपासच्या ऑफिसांतून सुटलेली दहा-बारा माणसं, वय वर्षे २३ ते ४१. एक्केचाळीसवाला म्हणजे अस्मादिक. वय जास्त आणि बुकिंगचे पैसे आधी मी भरतो, म्हणून कॅप्टन. यात खेळाच्या गुणवत्तेचा काही संबंध नाही.

दिवसभर आम्ही काय करतो? बसतो. सकाळी कॅबमध्ये बसतो, मग खुर्चीत, मग मीटिंगमध्ये, मग खराडी बायपासच्या ट्रॅफिकमध्ये. आणि रात्री नऊ वाजता, अंगाला कसलीही पूर्वसूचना न देता, आपण एकोणीस वर्षांचे आहोत असं समजून पळत सुटतो. कुठलाही सर्व्हर असा लोड टाकला तर पडेल. आमच्यापैकी कोणी ना कोणी दर शुक्रवारी पडायचाच. मग बाकीचे गोळा व्हायचे, कोणी पाय वर धरायचा, कोणी तो फसफसणारा स्प्रे मारायचा, कोणी केळं आणायचा. पाच मिनिटांत गडी परत मैदानात. सवयच झाली होती.

मग ती टूर्नामेंट आली.

कंपन्या-कंपन्यांमधली, सात-सात जणांची, वाघोलीच्या पुढच्या एका मैदानावर. मे महिन्यातला पहिला शनिवार. सकाळी दोन मॅच झाल्या, सेमीफायनल दुपारी साडेतीनला. त्या वेळी मॅच ठेवणाऱ्यांच्या डोक्यात काय होतं माहीत नाही, पण आम्हीही हो म्हटलंच की. पारा चाळिशीला टेकलेला. हवामान खात्याच्या नोंदी बघितल्यात तर लक्षात येईल, उन्हाळ्यात वडगावशेरी, मगरपट्टा, कोरेगाव पार्क ही आपली पूर्वेची बाजू शिवाजीनगरपेक्षा बऱ्याचदा जास्त तापलेली असते. त्यात कृत्रिम गवत. उन्हात ते हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. बुटांच्या तळव्यातून चटका लागत होता.

आमच्या टीममधला सगळ्यात धाकटा पोरगा अकोल्याचा. त्याला सगळे ज्युनियर म्हणतात. विंगवर पळायला लागला की त्याला थांबवणं कठीण. आदल्या रात्री त्याच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं, पहाटे चारला सुटला, आठला मैदानावर हजर. पोटात एक वडापाव, दोन काळ्या कॉफ्या आणि कुठलंसं एनर्जी ड्रिंक. हे सगळं मला नंतर कळलं. म्हणजे मी नंतर विचारलं. त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की हा अकोल्याचा, ह्याला पुण्याचं ऊन म्हणजे गुलाबी थंडी.

दुसऱ्या हाफमध्ये तो पडला. डावी पोटरी. मी धावत गेलो, गुडघा सरळ केला, पंजा त्याच्याकडे ढकलला, गाठ हळूहळू सुटली. स्प्रे मारला. तो म्हणाला, "दादा, जरा बसतो मी."

आमच्याकडे बदली खेळाडू नव्हता. एक जण सकाळीच घोटा मुरगळून घरी गेला होता. स्कोअर एक-एक.

मी म्हणालो, "सातच मिनिटं राहिलीत रे."

हे वाक्य माझं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठला.

तीन मिनिटांनी तो परत पडला, आणि या वेळी दोन्ही पोटऱ्या, मांड्या, मग पोटाचे स्नायूसुद्धा. कातडीखाली काहीतरी सरकतंय असं दिसत होतं. आम्ही दोघं-तिघं दोन पाय वाटून घेऊन ताणायला लागलो. तेवढ्यात त्याने विचारलं, "दादा, बिल्ड ग्रीन आहे ना?" सगळे हसले. मीही हसलो. त्याने परत तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विचारताना तो आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हता.

आमच्या गोलकीपरने कधीकाळी प्रथमोपचाराचा कोर्स केलाय. तो गोल सोडून धावत आला आणि ओरडला, "पाय सोडा त्याचे! हा गोळा नाहीये, ऊन लागलंय." चौघांनी उचलून त्याला मंडपाच्या सावलीत नेलं. टीशर्ट काढला, बूट-मोजे काढले. पिण्याच्या पाण्याचा अख्खा जार त्याच्या अंगावर ओतला. रस्त्याच्या पलीकडे रसवंती होती. कोल्हापूरकर तिथून बर्फाची आख्खी लादी खांद्यावर घेऊन आला, गोणपाटासकट. पैसे द्यायचे राहिले. (रसवाल्याने नंतरही घेतले नाहीत.) बर्फ फोडून, टॉवेलात गुंडाळून मान, काखा, जांघा, सगळीकडे लावला, कोणीतरी कार्डबोर्डने वारा घालत होतं. अँब्युलन्सला वेळ लागणार म्हणून शेवटी गाडीत घातला, एसी फुल, ओला टॉवेल अंगावर, आणि हॉस्पिटल.

हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा, एवढं सगळं करूनही, ताप १०३ होता. रक्तातलं सोडियम उतरलेलं, स्नायूंची मोडतोड सांगणारा सीके नावाचा आकडा चढलेला, लघवी चहाच्या रंगाची. दोन रात्री ठेवून घेतलं. किडन्या वाचल्या, पोरगा धडधाकट बाहेर आला. पण तिथल्या डॉक्टरीणबाई मला कॉरिडॉरमध्ये जे बोलल्या ते मी विसरलेलो नाही. म्हणाल्या, "पहिला पेटका आला तेव्हा शरीराने तुम्हाला निरोप पाठवला होता. तुम्ही निरोप्याचे पाय ताणून त्याला परत पाठवलंत."

त्याच्या वडिलांना फोन मी केला. करायलाच हवा होता. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग अगदी हळू आवाजात प्रश्न, "तो जेवला होता का जी?"

मी म्हणालो, "नाही काका."

ते काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी जे करू शकतो ते केलं, म्हणजे वाचत बसलो. प्रॉडक्शनमध्ये घोळ झाल्यावर आपण जसा रूट कॉज शोधतो तसा. आणि पहिला धक्का हा बसला की एवढ्या जुन्या, एवढ्या साध्या दुखण्याचं नक्की कारण शास्त्रज्ञांनाही एकमताने ठरवता आलेलं नाही. दोन गट आहेत आणि त्यांचं वागणं हुबेहूब आपल्या डेटाबेसवाल्यांसारखं आणि नेटवर्कवाल्यांसारखं आहे.

पहिला गट मीठ-पाणीवाल्यांचा. यांची परंपरा जुनी. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या खोल, गरम कोळशाच्या खाणींत कामगारांना भयंकर पेटके यायचे. घाम घाम व्हायचा आणि वर ते साधं पाणी ढोसायचे. मॉस नावाच्या संशोधकाने दाखवलं की पाण्यात मीठ घातलं की पेटके कमी होतात. मग १९३० च्या दशकात अमेरिकेत हूवर धरण बांधताना वाळवंटातल्या मजुरांचं तेच झालं, तिथे हार्वर्डची मंडळी अभ्यासाला गेली, निष्कर्ष तोच. घामातून पाण्याबरोबर सोडियम जातं, ते भरून काढलं नाही की स्नायू बिघडतात. सरळ हिशोब.

दुसरा गट म्हणतो, थांबा. मीठ कमी झालं तर ते सगळ्या शरीरात कमी होणार, मग गोळा एकाच पोटरीत का येतो? आणि नुसता पाय ताणला की तो दहा सेकंदांत सुटतो, त्या दहा सेकंदांत मीठ कुठून आलं? (हा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. इतकी वर्षं लोकांचे पाय ताणतोय, कधी सुचलं नाही.) दक्षिण आफ्रिकेतले मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ च्या सुमारास मांडलं की हा घोटाळा थकलेल्या स्नायूच्या आणि मज्जारज्जूच्या संभाषणातला आहे. स्नायूच्या आत एक सेन्सर असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. तो सांगतो, "ताणला जातोय, आकस." दुसरा सेन्सर स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत असतो, त्याचं नाव गोल्गी टेंडन ऑर्गन. तो सांगतो, "फार जोर होतोय, सोड." एरवी दोघांचं बरं चालतं. स्नायू दमला की पहिला आरडाओरडा करायला लागतो आणि दुसऱ्याचा आवाज बसतो. त्यात चेंडू मारताना पंजा खाली ताणलेला असतो, पोटरी आधीच आखूड झालेली असते, दोरी सैल पडलेली असते, म्हणजे दुसऱ्याकडे सांगण्यासारखं काही उरतच नाही. अशा वेळी आकसण्याचे हुकूम सुटत राहतात आणि कोणी थांबवत नाही. इन्फिनिट लूप! पाय ताणला की दोरी खेचली जाते, दुसऱ्याला कंठ फुटतो, लूप तुटतो.

फुटबॉलवाल्यांच्या पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजूच का धरते, तेही यातून कळतं. हे स्नायू दोन-दोन सांध्यांवरून जातात आणि धावताना, किक मारताना वारंवार आखूड अवस्थेत जोर लावतात.

लांब पल्ल्याच्या शर्यतींतल्या खेळाडूंवर नंतर जे अभ्यास झाले त्यांत पेटके आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या पाण्यात-मिठात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो दोन गोष्टींत. पूर्वी कधी पेटके आलेत का, आणि सरावात झेपतो त्याहून जास्त वेग शर्यतीत पकडला का. दुसरा मुद्दा वाचताना मला आमची अख्खी टीम डोळ्यांसमोर दिसली.

मग मीठवाले चूक? तसंही नाही. कडक उन्हात, तासन्‌तास, खारट घाम येणारा माणूस, आणि एका स्नायूऐवजी अंगभर पसरणारे पेटके, असं असेल तर मिठाचा हिशोब लागतोच. ज्युनियरचं तेच झालं होतं. पहिला गोळा कदाचित दमलेल्या पोटरीचा, दुसरा सगळ्या शरीराचा. मी दोघांना एकच औषध दिलं.

आणि अकोल्याचं ऊन? तेही शोधलं. शरीर उन्हाला सरावतं हे खरं आहे. दहा ते चौदा दिवस रोज उन्हात कष्ट केले की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पण ही कमाई तीन-चार आठवड्यांत पुसली जाते. ज्युनियर तीन वर्षं खराडीत, २२ डिग्रीच्या एसीखाली. त्याच्या आधार कार्डावर अकोला होतं, अंगात नव्हतं.

आता घरगुती उपायांकडे. केळं! आमच्या किट बॅगेत डझनभर असायची. केळ्यात पोटॅशियम आहे, पण घामातून मुख्यतः सोडियम जातं, पोटॅशियम त्या मानाने थोडंच. शिवाय केळं खाल्ल्यावर रक्तातलं पोटॅशियम किंचित वाढायलाही अर्धा-एक तास लागतो. तोवर मॅच संपून लोक घरी. भूक लागली असेल तर जरूर खा, केळं छान असतं. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचंही तसंच. कोक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात वयस्कर लोकांच्या रात्रीच्या पेटक्यांवर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही, आणि व्यायामातल्या पेटक्यांवर धड चाचण्याच झालेल्या नव्हत्या. क्विनीन नावाचं जुनं औषध पूर्वी यावर द्यायचे, पण त्याचे दुष्परिणाम एवढे गंभीर की अमेरिकेच्या एफडीएने पेटक्यांसाठी ते घेऊ नका म्हणून बजावलंय.

पण सगळ्यात मजेदार प्रकरण लोणच्याचं. हसू नका. सप्टेंबर २००० मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स ही टीम (त्यांचा तो हेल्मेटवाला फुटबॉल) डॅलसच्या भाजणाऱ्या उन्हात खेळायला गेली, तेव्हा त्यांच्या ट्रेनरने खेळाडूंना काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं. ४१-१४ ने जिंकले. आता यातलं किती लोणच्याने झालं देव जाणे. पण २०१० मध्ये केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी खरंच प्रयोग केला. विजेच्या झटक्यांनी पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटका आणला (स्वयंसेवक कुठून मिळतात कोण जाणे), आणि साधं पाणी किंवा लोणच्याचं पाणी दिलं. साध्या पाण्यावर पेटका सुमारे १३४ सेकंद टिकला, लोणच्याच्या पाण्यावर ८५. आणि रक्त तपासलं तर त्यात मिठाचा काही फरक पडलेला नव्हता! म्हणजे मीठ पोटातून स्नायूपर्यंत पोचायच्या आतच काम झालं होतं. त्यांचा अंदाज असा की तोंडा-घशातल्या मज्जातंतूंना त्या आंबट-तिखट झटक्याने दचकवलं की मज्जारज्जूतला तो वेडा हुकूम शांत होतो.

काकडीचं लोणचं तर काकडीचं. आमच्या फ्रिजमध्ये आईने पाठवलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. तिच्यात व्हिनेगर नाही, पण लिंबू, मोहरी आणि तिखट, दचकवायला अजून काय हवं? मी तो खार गाळून एका छोट्या बाटलीत भरला आणि किट बॅगेत ठेवला. आमच्या लोणच्यावर कोणी प्रयोग केलेला नाही, तेव्हा दावा काही नाही. पण एक चमचा तोंडात घेतल्यावर गोलकीपरचा जो चेहरा झाला तो बघून बाकीच्यांचे गोळे आपोआप सुटतील असं वाटलं. (ब्लडप्रेशरवाल्यांनी या फंदात पडू नये.)

असो. खरा उपाय या सगळ्यापेक्षा कंटाळवाणा आहे. आता गोळा आला की आम्ही पहिल्यांदा खेळ थांबवतो. पोटरी असेल तर गुडघा सरळ ठेवून पंजा नडगीकडे, सावकाश, झटका न देता, गाठ सुटेपर्यंत अर्धा मिनिट तरी. मांडीची मागची बाजू असेल तर पाठीवर झोपवून पाय सरळ वर, पुढची असेल तर टाच कुल्ल्याकडे. एकटेच असाल तर बोटं स्वतःहून नडगीकडे ओढा, समोरचा स्नायू कामाला लागला की पोटरीला आपोआप सोडायचा निरोप जातो. सुटल्यावर हलकं चोळणं, थोडं चालणं. ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे लोक बघितलेत? एका वर्षी आयटी दिंडीत आळंदीहून चालत आलो तेव्हा एका आजोबांनी माझी पोटरी धरली होती. कुठे गुद्दा नाही, कुठे घाई नाही, नुसता तळव्याचा दाब आणि ऊब. आम्ही टर्फवर जे गुद्दे घालायचो ते आठवून लाज वाटली.

मात्र पळताना 'टक्' असा आवाज आला, कोणीतरी मागून दगड मारल्यासारखं वाटलं, एकाच ठिकाणी बोट ठेववत नाही, नंतर काळंनिळं झालं, तर तो गोळा नाही, स्नायू फाटलाय. तिथे ताणायचं नाही, बर्फ आणि डॉक्टर. आणि खेळ न खेळताही एकच पोटरी सुजून दुखत राहिली, विशेषतः लांबच्या विमानप्रवासानंतर, तर रक्ताची गुठळीही असू शकते. आपल्यासारख्या ऑनसाइट वाऱ्या करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवलेलं बरं. रात्री-अपरात्री वारंवार पेटके येत असतील तर चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, यांचाही हात असू शकतो.

आणि गोळा अंगभर पसरतोय, चक्कर, उलटी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही असेल तर आधी थंड करायचं, मग हलवायचं. बिल्ड ग्रीन आहे का असं कोणी विचारलं तर हसायचं नाही.

गोळा येऊच नये म्हणून काय? आम्ही आता नऊला खेळायला लागत नाही. नऊ ते सव्वानऊ फिफाने २००६ मध्ये काढलेला इलेव्हन प्लस नावाचा वॉर्मअप करतो. धावणं, तोल सांभाळणं, गुडघ्यावर बसून पुढे झुकत मांडीचा मागचा भाग कसाला लावणं. त्याने दुखापती कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय. पेटक्यांचं तसं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण तयार स्नायू उशिरा दमतो एवढं तर खरं. टर्फच्या पैशातली पंधरा मिनिटं अशी गेली म्हणून पहिल्या आठवड्यात बंडाळी झाली. मी ऑफिसच्या जिन्यात रोज एका पायावर टाच उचलायची आणि पायरीच्या खाली हळूहळू सोडायची, असं पंधरा-पंधरा वेळा करतो. हाउसकीपिंगच्या मावशींनी दोन आठवडे बघितलं आणि मग विचारलं, "सर, लिफ्ट चालू आहे की. कोणाची वाट बघताय?"

पाण्याचाही हिशोब ठेवला. खेळायच्या आधी आणि नंतर वजन करायचं, जेवढं किलो घटलं तेवढे लिटर कमी पडले, अधे-मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. माझा एका तासाचा घाम जवळपास दीड लिटर निघाला. कोल्हापूरकराचा काळा टीशर्ट वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटतात, त्याचा घाम खारट. तो आता ताक-मीठ पिऊन येतो आणि मध्ये ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आपलं शाळेतलंच. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिणं मात्र बंद. त्याने रक्तातलं सोडियम अजून पातळ होतं. खाणीतले मजूर तेच करत होते.

दुपारच्या मॅच आम्ही आता घेत नाही. २०१४ च्या ब्राझील वर्ल्डकपमध्ये फोर्तालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात रेफरीने शिट्टी मारून खेळाडूंना पाणी प्यायला थांबवलं होतं. २०२६ च्या वर्ल्डकपसाठी तर फिफाने प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटांची विश्रांती जाहीर केली, हवा कशीही असो. ज्यांच्या दिमतीला डझनभर डॉक्टर आहेत ते थांबतात. आमच्याकडे एक गोलकीपर आहे.

आणि एक नियम माझा स्वतःचा. खेळायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, काल किती झोपलास आणि आज काय जेवलास. पोरं वैतागतात. "दादा, तू आईसारखा करतोस." करतो.

ज्युनियर ऑगस्टमध्ये परत आला. पहिले दोन आठवडे नुसता बाजूला बसून, मग वीस मिनिटं, मग अर्धा तास. परतल्यावर पहिल्यांदा त्याने हात वर केला आणि म्हणाला "दादा, बसतो", तेव्हा दहा मिनिटं उरली होती आणि आम्ही एक गोलने मागे होतो. मी त्याच्या जागी विंगवर गेलो. हरलो, तीन गोलने.

दिवाळीला तो अकोल्याहून परतला तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी एक बरणी पाठवली होती. लिंबाचं लोणचं, वरपर्यंत खार. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही. पोराने खाराच्या बाटलीची गोष्ट घरी सांगितली असणार. आता आमच्या फ्रिजमध्ये दोन बरण्या आहेत, आणि दोन्हींत नुसत्या कोरड्या फोडी उरल्यात. बायको रोज वरण-भात वाढताना विचारते, खार कुठे गेला. मी किट बॅगेकडे बघत नाही.